ओळ टेबलात दिसतेय पण रीडला सापडत नाही: द्राक्ष पेमेंटमधल्या एका अपेंडचं प्रकरण

नाशिकमध्ये सॅप, म्हणजे कंपनीचा हिशोब, माल, पेमेंट सांभाळणारं सॉफ्टवेअर, म्हणलं की लोकांना अंबड आणि सातपूर एमआयडीसीतल्या कंपन्या आठवतात, गाड्यांचे पार्ट, इलेक्ट्रिकलचा माल वगैरे. हे प्रकरण मात्र द्राक्षाचं आहे. दिंडोरी तालुक्यात पॅकहाऊस असलेली एक एक्सपोर्टवाली कंपनी, नाव घेत नाही, त्यांच्याकडे सॅप ईसीसी (सॅपची जुनी आवृत्ती), ईएचपी ८ वर, आणि शेतकऱ्यांचं पेमेंट काढायला एक जुना झेड प्रोग्राम, म्हणजे त्या कंपनीसाठी खास लिहिलेला. आम्ही त्यांचा अबॅपचा, म्हणजे सॅपच्या प्रोग्रामिंग भाषेचा, सपोर्ट बघतो.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. सिस्टीममध्ये प्रत्येक शेतकरी म्हणजे एक व्हेंडर, माल पुरवणारा. ऑक्टोबर छाटणी झाली की औषधं, मजुरी, डिपिंग, थिनिंग असा खर्च सुरू होतो आणि हातात पैसा नसतो, म्हणून कंपनी आपल्या ठरलेल्या शेतकऱ्यांना उचल देते. माल निघायला लागला की क्रेट काट्यावर येतात, वजन होतं, पावती बनते, ठरलेल्या दराने रक्कम निघते, त्यातून उचल कापायची आणि उरलेले पैसे एफ ११० या पेमेंट रनमधून बँकेत जातात. उचल किती कापायची ते हा झेड प्रोग्राम ठरवतो. म्हणजे याने चूक केली की ती थेट कोणाच्या तरी पासबुकात दिसते.

तक्रार शेतकऱ्याकडूनच आली हे विशेष. पैसे जास्त आले तर सहसा कोणी फोन करत नाही, पण एका काकांनी अकाउंटच्या मॅडमना फोन केला की ताई, तुम्ही माझी उचल कापलीच नाही, आता पुढच्या बिलाला सगळी एकदम कापाल आणि तेव्हा मला मजुरांचे पैसे द्यायचे असतील, तेव्हा आत्ताच काय ते बघा. मॅडमनी एफबीएल१एन, म्हणजे व्हेंडरच्या नोंदींची यादी, उघडून स्पेशल जीएलच्या ओपन आयटम, म्हणजे अजून न कापलेल्या उचली, बघितल्या तर त्यांची उचल खरंच तशीच उभी. मग त्यांनी त्या आठवड्यातली सगळी बिलं पावत्यांशी जुळवली, तर असे बरेच निघाले.

एफआयवाल्या, म्हणजे सॅपचा अकाउंटचा भाग बघणाऱ्या, कन्सल्टंटने यादी बघून लगेच थिअरी मांडली. यादीतले बहुतेक जण असे होते की जे मधे एकदोन हंगाम दुसऱ्या व्यापाऱ्याला माल देत होते आणि यंदा परत आले, त्यांचे जुने व्हेंडर नंबर ब्लॉक होते ते उघडून वापरले होते. म्हणजे ब्लॉकचा काहीतरी फ्लॅग राहिला असणार. ऐकायला एकदम पटण्यासारखं. पण त्याच यादीत एक शेतकरी असा होता जो कधी सोडून गेलाच नव्हता, दरवर्षी इथेच माल, उचल ऑक्टोबरमध्ये नेहमीसारखी घेतलेली, आणि त्याचीही कापली गेली नव्हती. थिअरीत न बसणारा असा एखादा केस असला की लोक म्हणतात तो वेगळा प्रॉब्लेम असेल, नंतर बघू. माझं मत उलटं आहे, आधी तोच धरायचा. थिअरीत बसणारे शंभर केस जे सांगत नाहीत ते हा एकटा सांगतो.

प्रोग्राममध्ये काय होतं ते सांगतो. उचलीच्या झेड टेबलातून या हंगामाच्या ओळी सिलेक्ट करून एका इंटर्नल टेबलात, म्हणजे प्रोग्राम चालेपर्यंत मेमरीत राहणाऱ्या टेबलात, घेतल्या, स्टँडर्ड टेबल, म्हणजे ओळी टाकू त्या क्रमाने राहतात. मग सॉर्ट बाय व्हेंडर. पुढे बिलांवर लूप आणि आत प्रत्येक शेतकऱ्यासाठी रीड टेबल, विथ की व्हेंडर (की म्हणजे ज्यावरून ओळ शोधायची तो रकाना), बायनरी सर्च, म्हणजे टेबल क्रमाने लागलेलं आहे असं धरून अर्धं अर्धं करत शोधणं. सबआरसी, म्हणजे ओळ सापडली की नाही ते सांगणारा आकडा, शून्य आला तर उचल वजा करायची, नाहीतर पुढे जायचं. जुन्या पद्धतीचा पण बरोबर कोड, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही.

नंतर कधीतरी चेंज रिक्वेस्ट आली होती. कंपनीने पॅकहाऊसवर थेट उचल द्यायला सुरुवात केली, हिला तिथे काट्यावरची उचल म्हणतात, आणि तिच्यासाठी वेगळं झेड टेबल बनवलं. ज्याने बदल केला त्याने सॉर्टच्या खालीच दुसरं सिलेक्ट टाकलं, त्याच्यावर लूप फिरवला आणि आत अपेंड करून, म्हणजे शेवटी जोडून, ओळी पहिल्याच टेबलात टाकल्या. सॉर्ट वर, अपेंड खाली, त्याच्याखाली बायनरी सर्च. बस, सगळं प्रकरण एवढंच आहे, पण ते दिसायला वेळ लागला, कारण प्रोग्राम डम्प देत नव्हता, म्हणजे चूक दाखवून बंद पडत नव्हता, एसएम ३७, म्हणजे जॉबच्या यादीत, जॉब हिरवा, फिनिश्ड.

डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्राम एकेक पाऊल थांबवत, त्या न बसणाऱ्या शेतकऱ्याच्या बिलावर थांबलो. टेबल उघडलं, खाली स्क्रोल केलं, त्याची ओळ समोर दिसतेय, व्हेंडर नंबर बरोबर, रक्कम बरोबर. एफ ५ मारून एक पाऊल पुढे गेलो, रीड झालं, सबआरसी ४. बरोबरचा ज्युनिअर म्हणाला सर, नंबरमधे पुढचे शून्य कमीजास्त असतील. ही शंका अगदी रास्त होती कारण व्हेंडर नंबरला पुढे शून्य लावायचं राहून गेलं की रीड फसतं हे आमच्याकडे नेहमीचं, पण बघितलं तर शून्य व्यवस्थित होते. मग त्याला म्हणलं बायनरी सर्च काढून एकदा चालव. डेव्हलपमेंट सिस्टीमला काढून चालवलं, सापडली. म्हणजे ओळ आहे, की बरोबर आहे, फक्त शोधायची पद्धत आणि टेबलाचा क्रम यांचं जमत नाहीये.

नंबर छोटे करून कागदावर मांडलं की लगेच कळतं, तुम्हीही मांडून बघा. समजा ऑक्टोबरच्या उचलीवाले १००, १०४, १०९, ११५, १२०, १३१ असे सॉर्ट होऊन बसलेत. काट्यावरच्या उचलीवाले १०२, १०३, १०६, १४० हे अपेंड झाले म्हणजे शेवटी जाऊन बसले. आता टेबल असं: १००, १०४, १०९, ११५, १२०, १३१, १०२, १०३, १०६, १४०. एकूण दहा ओळी. बायनरी सर्च मधली ओळ बघतो, हवा तो नंबर मोठा असेल तर खालचा अर्धा भाग धरतो, लहान असेल तर वरचा, आणि परत तेच. १०२ शोधायचाय, पाचव्या ओळीत १२० आहे, १०२ लहान, वर जा, दुसऱ्या ओळीत १०४, अजून वर, पहिल्या ओळीत १००, संपलं, नाही सापडला. १०२ खाली सातव्या ओळीत बसलाय आणि सर्च तिकडे फिरकलाच नाही. १०३ आणि १०६ चं पण असंच. १४० मात्र सापडतो, कारण तो खरंच सगळ्यात मोठा आहे आणि खरंच शेवटी आहे.

आता १३१ बघा. हा मूळ टेबलातला, सॉर्ट झालेला, याने काट्यावरून काहीच उचललं नाही. पाचव्या ओळीत १२०, १३१ मोठा म्हणून खाली जा. सहा ते दहामधली आठवी ओळ, तिथे १०३, १३१ मोठा म्हणून अजून खाली, नववी १०६, अजून खाली, दहावी १४०, हा मोठा निघाला, संपलं. १३१ सहाव्या ओळीत आपल्या योग्य जागी बसलेला असूनही सापडला नाही, कारण त्याच्या खाली दुसऱ्यांनी येऊन क्रम बिघडवला. आमचा तो न बसणारा शेतकरी म्हणजे हा १३१. एफआयवाल्याची ब्लॉकची थिअरी इथेच संपली. परत आलेल्यांचा संबंध होता, पण ब्लॉकमुळे नाही, त्यांचे नंबर जुने आणि लहान होते म्हणून.

आणि मग आधीच्या हंगामात का चाललं, हा प्रश्न मॅडमनी विचारलाच, आणि त्यांचा प्रश्न एकदम योग्य होता. तेव्हा काट्यावरची उचल फक्त नव्याने जोडलेल्या शेतकऱ्यांना देत होते. नवीन व्हेंडरचा नंबर सिस्टीम स्वतः नंबर रेंजमधून देते, तो चढताच असतो, म्हणजे नवा शेतकरी कायम आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठ्या नंबरचा. शिवाय दुसऱ्या झेड टेबलाची की हंगाम आणि व्हेंडर अशी होती आणि सिलेक्टमधून ओळी त्याच क्रमाने येत होत्या. त्यामुळे अपेंड शेवटी टाकत होता आणि शेवटी हीच त्यांची बरोबर जागा होती. टेबल पूर्ण सॉर्टेडच राहत होतं, पण योगायोगाने. टेस्टिंगला पण चार नवीन शेतकरी बनवून बघितले असणार, नवीन बनवले म्हणजे नंबर मोठेच, त्यामुळे टेस्ट पास. यंदा कंपनीने धोरण बदललं, परत आलेल्या जुन्या लोकांनाही काट्यावरून उचल दिली, आणि कोडमधली एक ओळही न बदलता प्रोग्राम चुकायला लागला.

ज्यांचं एस फोर हानावर, म्हणजे सॅपच्या नव्या आवृत्तीवर, जायचं चाललंय त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो, आणि ईसीसीचा (ईएचपी ६ ते ८) नेहमीचा मेंटेनन्स २०२७ च्या शेवटी संपतोय म्हणल्यावर चाललेलं असणारच. ऑर्डर बाय न लिहिता सिलेक्ट केलं तर ओळी कुठल्या क्रमाने येतील याची हमी कुठल्याच डेटाबेसवर नव्हती, जुन्या डेटाबेसवर बऱ्याचदा प्रायमरी कीच्या क्रमाने यायच्या म्हणून सगळ्यांना सवय लागली. हाना या डेटाबेसवर ती सवय मोडते. हाच प्रोग्राम तिकडे गेला असता तर धोरण न बदलताही फसू शकला असता.

दुसऱ्या दिवशी पेमेंट रन होता, म्हणून त्या संध्याकाळी फक्त एक ओळ टाकली, अपेंडचा लूप संपल्यावर परत सॉर्ट बाय व्हेंडर. लूपच्या बाहेर. ज्युनिअरने आधी लूपच्या आत टाकला होता, प्रत्येक अपेंडनंतर सॉर्ट, उत्तर बरोबरच आलं असतं पण फुकटचं काम. एवढं चालू सिस्टीममध्ये ट्रान्सपोर्ट करून रन वाचवला.

पण मला ते तसंच ठेवायचं नव्हतं. उद्या कोणी तिसऱ्या प्रकारची उचल आणेल आणि परत सॉर्टच्या खाली अपेंड टाकेल. टेबल सॉर्टेड आहे ही गोष्ट डेव्हलपरच्या डोक्यात असून उपयोग नाही, ती डिक्लरेशनमध्ये पाहिजे, म्हणजे पुढचा माणूस विसरला तरी सिस्टीम विसरणार नाही. ज्युनिअरला सांगितलं याचं सॉर्टेड टेबल कर, जे आपला क्रम स्वतः सांभाळतं. त्याने डिक्लरेशन बदललं, युनिक की व्हेंडर, म्हणजे एका व्हेंडरची एकच ओळ, आणि ऍक्टिव्हेट करायला गेला तर सिंटॅक्स एरर, कारण सॉर्टेड टेबलावर सॉर्ट चालत नाही. तो काढला. चालवला तर सरळ डम्प. एसटी २२, म्हणजे डम्पच्या यादीत, आयटॅब इल्लीगल सॉर्ट ऑर्डर. घाबरलाच तो, म्हणे आधी निदान चालत तरी होता. मी म्हणलं हा डम्प बघून मला बरं वाटतंय. अपेंडचा अर्थ कुठल्याही टेबलावर एकच, ही ओळ शेवटी टाक. स्टँडर्ड टेबलाला फरक पडत नाही, तो निमूट टाकतो. सॉर्टेड टेबल म्हणतं की १३१ नंतर १०२ मी घेणार नाही, आणि तिथेच थांबतं. हॅश्ड टेबलावर, जिथे ओळ क्रमाने नाही तर थेट कीवरून सापडते, तर अपेंड करताच येत नाही, तिथे शेवट असं काही नसतंच. हा प्रोग्राम पहिल्यापासून सॉर्टेड टेबलावर असता तर काट्यावरच्या उचलीत पहिला जुना नंबर आला त्याच दिवशी जॉब लाल झाला असता आणि एकाही शेतकऱ्याला चुकीचे पैसे गेले नसते.

मग अपेंडच्या जागी इन्सर्ट इनटू टेबल. हा टेबलाचा प्रकार बघून वागतो, सॉर्टेडमध्ये योग्य जागा शोधून घालतो, हॅश्डमध्ये कीप्रमाणे, आणि स्टँडर्डमध्ये शेवटी, म्हणजे तिथे अपेंडच. म्हणून माझं तर म्हणणं आहे की मुद्दाम शेवटीच टाकायचं नसेल तर सवयच इन्सर्ट इनटू टेबलची लावावी, उद्या टेबलाचा प्रकार बदलला तरी ओळ तशीच राहते. बरीच मंडळी अजून हेडर लाईनवाल्या जुन्या दिवसांपासूनचं अपेंड लिहितात कारण हात बसलाय.

प्रोग्राम चालला, डम्प नाही, सगळे शेतकरी सापडले. ज्युनिअर खूश. पण उचलीची एकूण बेरीज दोन्ही झेड टेबलांच्या बेरजेपेक्षा कमी येत होती. इथे दुसरा खड्डा होता आणि तो जास्त वाईट. काही शेतकऱ्यांनी ऑक्टोबरलाही उचल घेतलेली आणि काट्यावरूनही. युनिक की व्हेंडर म्हणल्यावर त्यांची दुसरी ओळ इन्सर्ट होतच नाही, सबआरसी ४ येतो, आणि तो कोणी बघत नव्हतं. गुपचूप गळाली. गंमत म्हणजे तेच काम एका दमात इन्सर्ट लाईन्स ऑफ ने केलं असतं तर डुप्लिकेट कीचा डम्प आला असता. एकेक ओळ घातली तर शांतता, गठ्ठा घातला तर आरडाओरडा. हे लक्षात ठेवायलाच लागतं, तर्काने सुचणारं नाही.

नीट विचार केला तर जुन्या कोडमध्येही हे होतंच. बायनरी सर्च सारख्या नंबरच्या ओळींतली पहिली देतो, म्हणजे टेबल नीट सॉर्टेड असतं तरी ज्याच्या दोन उचली त्याची एकच कापली जाणार. संध्याकाळी टाकलेल्या एका सॉर्टने हा भाग सुटला नव्हता, आणि त्या रनमध्ये असे शेतकरी होते का हे मॅडमना परत तपासावं लागलं. होते, पण थोडे.

इथे प्रश्न सर्चचा राहिलाच नाही. प्रोग्रामला खरं हवं होतं ते प्रत्येक शेतकऱ्याची एकूण उचल, आणि त्यासाठी कलेक्ट आहे. कीची ओळ नसेल तर नवीन घालतो, असेल तर आकड्यांचे रकाने तिच्यात मिळवतो. अट एकच, कीमध्ये नसलेले सगळे रकाने आकड्याचे पाहिजेत. आमच्या स्ट्रक्चरमध्ये उचलीची तारीख आणि शेरा होता, त्यामुळे परत सिंटॅक्स एरर. नवीन छोटं स्ट्रक्चर केलं, व्हेंडर, करन्सी, रक्कम. हॅश्ड टेबल, युनिक की व्हेंडर आणि करन्सी. दोन्ही झेड टेबलांवरून लूप आणि आत कलेक्ट, पुढे रीड टेबल विथ टेबल की. इथे क्रमाचा विषयच संपला, ओळी कुठल्याही क्रमाने येऊ द्या.

कलेक्ट स्टँडर्ड टेबलावरही चालतो, पण तिथे मी वापरत नाही. सिस्टीम आतून तात्पुरता हॅश ठेवते म्हणून वेगात चालतो, पण मधेच त्याच टेबलावर सॉर्ट, डिलीट, इन्सर्ट असं काही केलं की तो हॅश जातो आणि पुढे एकेक ओळ बघत शोधत बसतो. शिवाय की सांगितली नसेल तर आकडे सोडून बाकीचे सगळे रकाने मिळून की बनते, त्यात युनिटही आलं. याच प्रोग्रामच्या वजनाच्या भागात एका शेतकऱ्याच्या दोन ओळी यायच्या, एक किलोची एक टनाची, आणि ऑपरेटर म्हणायचे सिस्टीम बेरीज करत नाही. सिस्टीम बरोबर होती, किलो आणि टन आंधळेपणाने मिळवायचे नसतातच. तिथे आधी सगळं किलोत आणून मग कलेक्ट केला.

आता छापील हिशोबावर शेतकऱ्याला प्रत्येक उचल तारखेनिशी दाखवायची असते, नुसती बेरीज दाखवली तर परत फोन. त्यासाठी दुसरं टेबल ठेवलं, सॉर्टेड, नॉन युनिक की व्हेंडर आणि तारीख, त्यात इन्सर्ट इनटू टेबल, आणि छापताना लूप ऍट व्हेअर व्हेंडर. व्हेंडर कीच्या सुरुवातीला असल्याने सॉर्टेड टेबलावर हा लूप सगळ्या ओळी फिरत नाही, थेट त्या शेतकऱ्यापासून सुरू होतो. एक पर्याय असाही निघाला होता की स्टँडर्ड टेबल तसंच ठेवून त्याला सेकंडरी की, म्हणजे शोधायला आणखी एक की, द्यायची, अबॅप ७.०२ पासून ती सोय आहे, अपेंडही चालला असता आणि वाचताना सेकंडरी कीने वाचलं असतं. वाईट नाही तो मार्ग. पण वाचणाऱ्या प्रत्येकाने की चं नाव लिहिलं तरच उपयोग, आणि एकाने जुन्या सवयीने बायनरी सर्च लिहिला की परत पहिल्यापासून. म्हणून नको म्हणलं.

जास्त गेलेल्या पैशांचं काय केलं ते कंपनीने ठरवलं, ज्यांचा माल अजून यायचा होता त्यांच्याकडून पुढच्या बिलांमध्ये थोडी थोडी कापायची, ज्यांच्या बागा खाली झाल्या होत्या त्यांची पुढच्या ऑक्टोबरच्या उचलीत वळती करायची. ज्या काकांनी फोन केला होता त्यांनी सगळी त्याच बिलात कापून घेतली.

आम्ही आरएस अबॅप सोर्स स्कॅन हा प्रोग्राम लावून त्यांच्या सगळ्या झेड कोडमध्ये बायनरी सर्च शोधलं आणि प्रत्येक ठिकाणी शेवटचा सॉर्ट आणि रीड यांच्यामध्ये अपेंड आहे का ते हाताने बघितलं, कारण हे काम टूल नीट करत नाही, अपेंड कधी परफॉर्ममध्ये असतो कधी इन्क्लूडमध्ये, म्हणजे कोडच्या दुसऱ्याच तुकड्यात. अजून काही ठिकाणी निघाले. क्रेटच्या हिशोबाचा एक रिपोर्ट याच जातीचा होता, तिथे पैसे नसल्याने कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, शेतकऱ्याकडे किती रिकामे क्रेट राहिले हे त्यातून निघतं आणि पॅकहाऊसचे लोक त्या आकड्यावर विश्वास न ठेवता वहीच बघायचे. तो दुरुस्त केला. एका ठिकाणी अपेंड फक्त शेवटी टोटलची ओळ टाकायला होता आणि त्याच्यानंतर त्या टेबलावर एकही रीड नव्हतं, तो तसाच ठेवला, फक्त वर कॉमेंट लिहिली की याच्याखाली बायनरी सर्च लिहू नका.